तीर्थरूपांचा तंबोरा

आमच्या मूर्तिजापूरच्या घरांत तीर्थरूपांचा मिरजेचा तंबोरा आहे. ते काळी एकमध्यें गात असत. त्यांच्या पश्चात् तो वीस वर्षें गवसणींतच राहिला. गेल्या वैशाखांत नातीनें गाण्याचा अभ्यास मांडला, तेव्हां तो खालीं उतरला. वऱ्हाडच्या उन्हानें खुंट्या आकसून ढिल्या झाल्या होत्या. त्यांना खडू चोळणें हें तर आम्हां शिक्षकांच्या हातचें काम! परंतु नाद कांहीं उठेना. नात म्हणाली, “आजोबा, हा बोलतच नाहीं.”

तंबोऱ्याचा प्राण जवारींत असतो. घोडीच्या पाठीस अत्यल्प उतार असतो. कंप पावणारी तार तीस घासत राहते, आणि तारेखालचें सूत नेमक्या जागीं सरकलें कीं स्वरांतून स्वर फुटतात. खरजांतून गंधार ऐकूं येतो. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा निश्चल बिंदु असेल तो उपस्वर उठूं नये, असा यूरोपीय शास्त्राचा नियम. या घोडीवर तोहि उठतो, हें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें.

एवढें वाचून आम्हीं काय करावें? काचकागद घेऊन घोडी स्वतःच घासली! होता तो नादहि गेला. पंधरा दिवस आम्ही हवेला दोष देत राहिलों.

शेवटीं तंबोरा घेऊन मिरज गांठली. शस्त्रें पाजविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें ही विद्या रुजविली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. वृद्ध कारागिरानें घोडी पाहिली, आमच्याकडे पाहिलें आणि एवढेंच विचारलें, “गाणार कोण?”

नात काळी तीनमध्यें गाते. या जाड तारा तितक्या चढविल्या तर ताण वाढून दांडी वांकेल. पंचम, जोड आणि पितळी खरज, सर्वच तारा बारीक हव्यात, असें त्यानें सांगितलें. आमचें मन घेईना. तीर्थरूपांचा सूर आपल्या हातानें उतरवावा कसा? तो हंसून म्हणाला, “मास्तर, तो सूर त्यांच्या गळ्याचा होता. तंबोऱ्यानें फक्त साथ केली.”

आम्ही निरुत्तर झालों. तारा बदलल्या, जवारी नवी झाली. आतां दिवेलागणीस खरजांतून गंधार उमटतो आणि घरांतील मंडळी क्षणभर हातचें काम थांबवितात.

घोडी कोणीं घासली, हें मात्र नातीस अद्यापि सांगितलेलें नाहीं. हा अंक घरीं आला म्हणजे कळेलच.