निवडुंगाची ओळख

आमच्या खानदेशांत कांट्यांना तोटा नाहीं. धुळ्याकडे जा कीं जळगांवकडे, शेताच्या कुंपणाला निवडुंग उभाच. म्हणूनच कीं काय, त्याच्याकडे निरखून पाहण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतों.

तीन वर्षांपूर्वीं वनस्पतिशास्त्राच्या तासाला मीं ठासून सांगितलें कीं, कुंपणाचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टसच होय. धुळ्याजवळच्या खेड्यांतून आलेला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ह्याला पांढरा चीक येतो, फड्याला येत नाहीं. मग दोन्ही एक कसे?" मीं त्याला खालीं बसविलें. त्यानंतर त्याचा हात वर झाला नाहीं.

रात्रीं पुस्तक उघडून पाहतों तों मुलाचें म्हणणें खरें! चिकाचा निवडुंग एरंडाच्या कुळांतला. कॅक्टसचें कूळ निराळें. एक जात सोडली तर तें सारें मूळचें अमेरिका खंडांतलें. त्याची खूण म्हणजे अंगावरची बारीक लोंकरी गादी. कांटे निघतात ते तिच्यांतून. आपला फड्या खरा कॅक्टस, पण पाहुणा. माळावरची बिनकांट्याची माकडशिंगी तर ह्या दोहोंपैकीं कोणाचीच नव्हे; ती रुईच्या कुळांतली व अस्सल येथली. एवढें कळूनही वर्गांत चूक कबूल करण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

त्याच पावसाळ्यांत जळगांवच्या एका रोपवाटिकेंतून मीं मॅमिलारियाचें लिंबाएवढें रोपटें आणलें. ममतेनें रोज पाणी घातलें, आणि श्रावणांत तें बुडाशीं कुजलें. फेंकून देणार तोंच तो मुलगा वह्या घेऊन दाराशीं आला. "गुरुजी, बाजूचीं पिल्लें अजून टणक आहेत." त्यानें दोन पिल्लें सुरीनें वेगळीं केलीं, जखम सुकेपर्यंत आठ दिवस सावलींत ठेवावयास सांगितलें, व मग निम्मी जाडी वाळू, विटेचे बारीक तुकडे आणि कुजलेला पाला ह्यांत लावण्यास सांगितलें. माती पुरती कोरडी झाल्यावांचून पाणी घालावयाचें नाहीं. कॅक्टसचीं छिद्रें रात्रीं उघडतात व दिवसां मिटतात. त्यामुळें त्याचें थोडें पाणीही फार दिवस पुरतें.

"हें कोठें शिकलास?" मीं विचारलें.

"आमच्याकडे कुंपणाला निवडुंग असाच लावतात. ओला तुकडा लावला कीं कुजतो."

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें सांगितलें कीं, त्या तासाला गुरुजी चुकले होते आणि हा मुलगा बरोबर होता. तो कांहीं बोलला नाहीं; परंतु आठवड्याभरांत त्याचा हात पुन्हां वर झाला. एका रोपट्याला मीं पाण्यानें मारलें होतें. दुसऱ्याला शब्दानें मारतां मारतां देवानें मला थांबविलें.

पिल्लांपैकीं एक जगलें. गेल्या फाल्गुनांत त्याच्या माथ्यावर इवल्या गुलाबी फुलांचें कडें उमललें. मुलगा तोंवर शाळा सोडून गेला होता. म्हणून हें त्याला ह्या पानावरून कळवीत आहें.