आटगावचा डांगी खोंड

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने आटगावला उतरलो, तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. आवणी ऐन भरात होती. रुळांपलीकडच्या खाचरात एक बैलजोडी चिखलणी करीत होती. अंगावर पांढऱ्या-काळ्या थोराड ठिपक्यांची नक्षी, शिंगे आखूड, चाल संथ. पाहताक्षणी ओळखावी अशी ही डांगी जात.

डांग म्हणजे डोंगराळ रानाचा मुलूख. गुजरातेतील डांगपासून इगतपुरी, अकोले आणि इकडे शहापूर-मुरबाडपर्यंत हिचा वावर. ठाकर, महादेव कोळी, कानडी या मंडळींनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मराठवाड्याच्या देवणीतही गीरबरोबर डांगीचे रक्त आहे, असे जाणकार मानतात.

मालकाने बैल सोडल्यावर मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तळवा तेलकट झाला! डांगीच्या कातडीतून तेलासारखा स्राव झिरपतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक. दिवसभर चिखलात राहूनही ते लवकर नासत नाहीत. हे गुण रक्तातले. खुराक वाढवून ते आणता येत नाहीत. दूध मात्र बेताचे, एका वेताला सरासरी पाचशे लिटरच्या आसपास.

या दुधापायीच नोकरीच्या सुरुवातीला मी गावोगाव जर्सीचा संकर सांगत फिरलो. एका म्हाताऱ्या बाबांनी तेव्हा विचारले होते, "सायेब, दूध देल ती, पण तिचा गोऱ्हा औताला चालंल का?" मी हसण्यावारी नेले. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरते. जू मानेवर ठरेना. पावसाळ्यात खूर नासले. ज्याच्या गोठ्यात हिरवा चारा आणि जवळ डेअरी, त्याला संकरित गाय आजही परवडते. डोंगरउतारावरच्या भातवाल्याला मी तीच सांगायला नको होती.

परदेशाने मात्र आपल्या वशिंडाची किंमत ओळखली. गीर, ओंगोल, कांकरेज आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांपासून अमेरिकेने मांसासाठी 'ब्राह्मन' ही जात घडवली, कारण तिला ऊन आणि गोचीड सोसते.

आता आटगावच्या त्या घरचे सांगतो. गोठ्यात अडीच वर्षांचा डांगी खोंड आहे, आसपास एवढा चांगला दुसरा नाही. थोरला म्हणतो, पॉवर टिलर आला, आता पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत विकून टाकू. आई ऐकत नाही. मी एवढेच म्हणालो, "विकायचा तर विका, पण आधी घरच्या दोन्ही गाई त्याच्याकडून फळवून घ्या. आणि पुढे रेतन करायची वेळ आली, तर दवाखान्यात डांगीचीच रेतमात्रा मागा."

थोरला काही बोलला नाही. निघताना पाहिले, तर माऊली खोंडापुढे पेंढा टाकीत होती.