वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्या काकांनी मला पहिल्या दिवशी माल विकायला नकार दिला नसता, तर मामांची हेराल्ड रस्त्यावर आली असती, पण ती मामांची हेराल्ड राहिली नसती. हे ऋण फिटणारं नाही. निदान त्याची नोंद तरी व्हावी, म्हणून लिहिते आहे.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. मूळची इंग्लंडमधल्या ट्रायम्फची, १९५९ सालची, आकार इटलीच्या मिकेलॉत्तीचा. आपल्याकडे १९६१पासून ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बनवली. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडायचं. चाकं एवढी वळायची, की कोल्हापुरात मामा गल्लीतल्या गल्लीत गाडी फिरवून दारात लावायचे. मामी चपला काढून अनवाणी चालवायच्या, कारण क्लच हलका होता. हा हलका क्लच माझ्या चांगला लक्षात होता, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

मामा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मधल्या काळात कुणा गॅरेजवाल्यानं तिचं बरंच काही बदललेलं होतं. क्लचचं पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ जायचं आणि मग एकदम जड व्हायचं. तरीही पहिला गिअर खडखड करतच पडायचा. मी दुकानात जाऊन क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे मागितले. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

‘‘जुना नग आणलात का, ताई?’’

‘‘गाडीवरच आहेत.’’

‘‘मग काढून आणा. आधी ओळख पटू दे. हेराल्डचा म्हणून कुणीही काहीही देईल. बसेलही. पण चालणार नाही.’’

वरचा सिलिंडर, म्हणजे क्लच मास्टर, काढायला सोपा. बॉनेट उघडलं की फायरवॉलवर समोरच दिसतो. खालचा, म्हणजे स्लेव्ह, गिअरबॉक्सच्या घंटेपाशी असतो. हेराल्डमध्ये तिथे पोचायचं तर गाडीच्या आतून, गिअरबॉक्सवरचं कव्हर उचलून हात घालावा लागतो. दोन्ही नग कापडात गुंडाळून नेले. काकांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं. पुढची दुपार मी कोणत्याही कॉलेजात शिकले नसते असं काही शिकले.

त्यांनी आधी मास्टर उघडला. आतून पिस्टन, स्प्रिंग आणि एक लांब दांडी सगळं एकत्र बाहेर आलं. स्प्रिंगच्या टोपीला एक बारीक जीभ असते, ती पिस्टनच्या खांद्यात अडकलेली असते. त्यांनी ती नखानं अलगद उचलली आणि पिस्टन सुटला. दांडीच्या दुसऱ्या टोकाला रबरी सील, आणि त्याच्यामागे बशीसारखी किंचित वाकलेली पातळ वॉशर. ‘‘हा गिर्लिंग. पेडल सोडलं की ही दांडी सील मागे ओढते, टाकीतलं तेल खाली उतरतं. पेडल दाबलं की तोंड बंद. लॉकहीड असता तर आत भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं असतं.’’ टॉर्च आत धरून त्यांनी भोक नाही हे मला दाखवलं. बर्मिंगहॅमच्या टायस्लीतलं गिर्लिंग आणि लेमिंग्टनचं लॉकहीड, दोन घराणी. बाहेरून सारखे दिसणारे नग आतून असे वेगळे. वरचं नाव घासून गेलं असलं, तरी पोटात ओळख राहते.

म्हणजे घराणं बरोबर होतं. मग त्यांनी वर्नियर लावला. हेराल्डच्या क्लच मास्टरचा बोअर ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर हवा. आला १७.७८, म्हणजे ०.७० इंच. फरक दोन मिलिमीटरांचाही नाही. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो. या फरकानं दर दाबाला सुमारे पंचवीस टक्के जास्त तेल ढकललं जातं आणि पायालाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. मामींचा अनवाणी पाय मला आठवला. जड पेडलचं कारण हे होतं. गॅरेजवाल्यानं त्याच घराण्यातला, पण चुलत नग बसवला होता.

मग गिअर का खडखडत होता? ते उत्तर स्लेव्हनं दिलं. हेराल्डचा स्लेव्ह घंटेत सरकवून एका बोल्टनं धरतात, आणि तो बोल्ट सिलिंडरच्या अंगावरच्या खाचेत बसतो. सिलिंडर अस्सल होता, खाच स्वच्छ होती. पण मी काढताना घेतलेल्या फोटोत हवा काढायचं निपल खाली आणि तेलाच्या पाइपचं तोंड वर होतं. काका म्हणाले, ‘‘हवा वर जाते. निपल खाली ठेवून जन्मभर पंपिंग करा, हवा आतच राहणार.’’ म्हणून अर्धं पेडल पोकळ. एक दोष दुसऱ्याला झाकत होता. नुसता नवा सेट घेतला असता, तर यातलं एकही कळलं नसतं.

मी विचारलं, ‘‘विलायती ओरिजिनल मिळेल?’’ त्यावर ते थोडे रागावलेच. ‘‘तुमची गाडी मद्रासची. पाडीला १९६२मध्ये ब्रेक्स इंडिया निघाली, गिर्लिंगच्याच तंत्रावर. आपल्याकडच्या ओतकामाचा नग कमअस्सल कसा? ओरिजिनल म्हणजे या गाडीसाठी, या मापाचा, या रचनेचा.’’ जुन्या गाड्यांच्या नादात आम्ही ‘मेड इन इंग्लंड’च्या अक्षरांना फार भुलतो. काकांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं.

त्यांनी दुकानाच्या माळ्यावरून ५/८चा एक जुना मास्टर काढला. बोअरला गंजाचे खड्डे पडलेले. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, वर्षानुवर्षं गाडी उभी राहिली की असंच होतं. ‘‘ओतकाम चांगलं आहे, टाकू नका. स्लीव्ह मारून घ्या, पण आतलं माप तेच राहिलं पाहिजे,’’ असं म्हणून त्यांनी लेथवाल्यासाठी माप कागदावर लिहून दिलं. पाइपच्या नटाचे आटे गेजनं तपासून दिले. जुने आटे इंची, हल्लीचे बरेच मेट्रिक. ३/८ इंचाचा नट आणि दहा मिलिमीटरचा नट हातात घेतले तर जुळे वाटतात, आणि जबरदस्तीनं फिरवलं की सिलिंडरचे आटे जातात. सील कधीही रॉकेलनं धुवायचं नाही, रबर फुगतं. ताज्या ब्रेक ऑइलनंच धुवायचं, हेही बजावलं. पैसे घेतले ते फक्त रबर किटचे.

गाडी चालायला लागल्यावर मी पेढे घेऊन गेले. त्यांना पेढ्यांपेक्षा पेडलची चौकशी जास्त. किती जातं, कुठे पकडतं, दुसऱ्यांदा दाबलं तर उंची बदलते का. बदलत नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मग हवा निघाली,’’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता काका दुकानात बसत नाहीत. त्यांचा मुलगा मुख्यतः दुचाकींचा माल ठेवतो, पण माळ्यावरचे डबे त्यानं भंगारात घातलेले नाहीत. एखादा ओळखू न येणारा नग सापडला की तो मला फोटो पाठवतो. काल एका स्लेव्हचा आला, तोही फक्त तोंडाकडून काढलेला. मी कळवलं, अंगावरच्या खाचेचा फोटो काढ, आणि तोंडावरचं रबरी बूट काढून आत वर्नियर लाव.