डोंबिवलीचे एक पाळणाघर

वाचकहो, स्थलवर्णनाच्या लेखांतून देवळे, किल्ले आणि सरोवरे आपण नेहमीच पाहता. आज मी आपणांस एका इमारतीच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत नेणार आहे. त्या पाहावयास कोणी प्रवासी येत नाही. पण रोज सकाळी सात वाजल्यापासून त्यांच्या दाराशी चिमुकल्या चपलांची रांग लागते.

मुंबईहून कल्याणकडे जाणारी लोकलगाडी ठाणे व मुंब्र्याचे डोंगर मागे टाकून डोंबिवलीस येते. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. येथील गणेश मंदिर आणि १९९९ साली सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा आपण ऐकून असाल. परंतु या गावाचा खरा स्वभाव पाहावयाचा तर सकाळी स्थानकावर उभे राहावे. खांद्याला पिशवी, हातात डबा, अशा स्त्रीपुरुषांचा लोंढा फलाटाकडे धावत असतो. घरापासून कचेरीतील टेबलापर्यंत पोहोचावयास दीड तास सहज लागतो. या दीड तासाचे ओझे कोण वाहते, हे आपणांस त्या दोन खोल्यांत दिसेल.

पाळणाघर चालविणाऱ्या बाईंना सारे 'काकू' म्हणतात. त्यांच्या मदतीस एक मावशी आहेत. मी गेलो त्या दिवशी आठ मुले होती; सर्वांत धाकटे सात महिन्यांचे, थोरली मुलगी शाळेतून येणारी, सहा वर्षांची. मूल हाती घेताना काकू प्रथम त्याच्या कपाळाला हात लावतात, मग आईकडे पाहून विचारतात, "रात्री झोप झाली का? दूध किती वाजता घेतलं?" उत्तर एका जाड वहीत लिहिले जाते. दुधाच्या बाटलीवर नावाची चिठ्ठी असते. औषध द्यावयाचे असल्यास आईने ते किती व केव्हा, हे स्वहस्ते लिहून द्यावे लागते. तोंडी निरोपावर औषध देण्याची येथे प्रथा नाही.

कायद्यातील बदलाचा परिणामही या खोल्यांत दिसतो. १९६१ च्या कायद्याने मातेस १२ आठवड्यांची पगारी रजा मिळत असे. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. पूर्वी नीट मान न धरलेली बाळे काकूंच्या हाती येत. आता येणारे बाळ बहुधा पालथे पडू लागलेले असते आणि त्याची उष्टावण नुकतीच झालेली असते, किंवा व्हावयाची असते. त्यामुळे दुधाबरोबर मऊ भात, वरणाचे पाणी आणि नाचणीचे सत्त्व यांचाही विचार करावा लागतो. रजा मात्र सर्वांना मिळत नाही. घरकाम करणारी, दुकानात उभी राहणारी आई आजही फार लवकर कामावर परतते.

दुपारी मुगाची खिचडी झाली, हातपाय धुतले गेले आणि सतरंजीवर मुले निजली. आता काकूंना विसावा मिळेल, असे मला वाटले; परंतु त्या उठल्या आणि न्हाणीघरातील भरलेली बादली रिकामी करून पालथी घातली. "रांगणाऱ्या मुलाला वीतभर पाणीसुद्धा पुष्कळ होतं," त्या म्हणाल्या. फुटाणे व शेंगदाणे उंच फळीवर, दाराची कडी मुलांच्या हाताबाहेर, आणि निजलेल्या बाळांवर दर थोड्या वेळाने एक नजर. या घरात काही घडले नाही, तर तो दिवस चांगला.

एवढ्यात तीन वर्षांचा एक मुलगा किरकिरत उठला. अंग तापले होते. तापमापक पाहून काकूंनी त्याच्या आईस दूरध्वनी केला. ती फोर्टमधील कचेरीत होती. तत्काळ निघाली तरी पोहोचेपर्यंत दीड तास. त्या अवधीत ओले फडके ठेवावयाचे, पाणी पाजावयाचे, डॉक्टरांकडे न्यावयाचे की वाट पाहावयाची, याचा निर्णय काकूंनीच करावयाचा होता. त्यांनी मावशींना मुलांपाशी बसविले, मुलास कडेवर घेतले आणि गल्लीतील दवाखाना गाठला.

परत आल्यावर त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. तीवर तारीख होती २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; मुंबईच्याच कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. म्हणून फोर्टमधील आयांना उपनगरांची अवस्था लवकर कळली नाही. स्थानकावर येऊन पाहतात तो गाड्या बंद! इकडे दूरध्वनी लागेनात, वीज गेली आणि काकूंच्या घरी पाच मुले राहिली. शेजाऱ्यांनी दूध दिले, कोणी कोरडी झबली आणून दिली. मेणबत्तीच्या उजेडात काकूंनी लिहिलेल्या नोंदी मी वाचल्या : "रात्री १ – जागा. पाणी दिले." "३ – आई कुठे म्हणून विचारले. मांडीवर घेतले." "४॥ – झोप."

त्यांपैकी एका मुलाची आई कुर्ल्यापाशी अडकलेल्या गाडीत रात्र काढून, सकाळी रुळांवरून चालत, मिळेल ते वाहन धरीत दुपारी दारात उभी राहिली. तिचा पहिला प्रश्न होता, "काकू, रडला का हो?" काकूंनी उत्तर न देता वही तिच्या हाती ठेवली. ती उंबऱ्यावरच बसून वाचू लागली.

त्या रात्रीनंतर येथे दोन नियम झाले. प्रत्येक मुलाच्या पिशवीत रात्रीपुरते कपडे व कोरडा खाऊ हवा. आणि पालकांखेरीज मूल नेऊ शकेल अशा ज्या माणसाचे नाव लिहून द्यावयाचे, तो डोंबिवलीतच राहणारा हवा.

वाचकहो, आपले गाव कोणतेही असो, मुलासाठी पाळणाघर निवडताना भिंतींवरील चित्रे अवश्य पाहा. पण आधी बादली पाहा, दाराची कडी पाहा, वही मागून पाहा. आणि महिन्याचे पैसे देताना एवढे स्मरा की, आपण त्या बाईंना केवळ तासांचा मोबदला देत नाही. आपण आणि आपले मूल यांच्यात जे अंतर आहे, तेवढ्या अंतरापुरती ती आई होत असते.

सायंकाळी मी निघालो तेव्हा तापातून थोडे उतरलेले ते मूल आईच्या खांद्यावर निजले होते. दाराशी चपलांचा एकच जोड उरला होता, आणि काकू दिवा लावून दार उघडे ठेवून बसल्या होत्या.