चाकणच्या वाटेवर स्पॅनिशची शिकवणी

"अहो, मुलांना इंग्रजीच धड येत नाही, त्यात हे स्पॅनिश कशाला?" शेजारच्या वहिनींनी विचारलं, तेव्हा मला चटकन उत्तर सुचलं नाही. दर शनिवारी सकाळी डबा भरून, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहून मी निगडीहून चाकणला जाते आणि सहावी ते दहावीच्या मुलांना स्पॅनिशचे पहिले धडे देते. ऐकणाऱ्याला नवल वाटणारच!

निगडीचा भक्ती-शक्ती चौक सोडला की तळवडं लागतं. मग इंद्रायणीचा पूल. देहू इथून हाकेच्या अंतरावर. पूल ओलांडून म्हाळुंगे आलं, की दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने! पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, तेव्हापासून कारखान्यांची ही रांग लांबतच गेली. चाकणची जुनी ओळख मात्र वेगळी. कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेशी जवळजवळ दोन महिने झुंज दिली, तो हा किल्ला. बाजार आजही भरतो. पण रस्त्यावर कांद्याच्या गाड्यांपुढे-मागे मोटारींनी लादलेले लांबच लांब ट्रेलर दिसतात.

२००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना इथं सुरू झाला. जर्मन शिकण्याची हौस आपल्याकडे जुनीच, ती आणखी वाढली. पण स्पेनसुद्धा इथं आलाय, हे फार कुणाच्या लक्षात येत नाही. पत्र्याचे भाग दाबून काढणारी गेस्टॅम्प स्पेनची. सीआयई ऑटोमोटिव्हही तिथलीच. २०१३ साली तिनं महिंद्रांच्या सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगाशी हातमिळवणी केली. शिवाय स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना असे वीस देश ही भाषा राजभाषा म्हणून वापरतात. सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे.

एवढं सगळं मला ठाऊक होतं, मैत्रिणींनो, तरी शिकवताना मी एक मोठी चूक केली. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या वर्गात आठवीतला एक मुलगा होता. आजोबांची जमीन कारखान्यांसाठी गेलेली, वडील एका कारखान्यात कंत्राटावर, पाळीपाळीनं कामाला. पोरगा मागे बसायचा, मान खाली. दीड महिन्यात तोंडातून शब्द नाही. एके दिवशी त्याची आई आली. पदरानं घाम पुसत म्हणाली, "बाई, पुढच्या महिन्यापासून नाव काढते त्याचं. त्याला काय जमंना, आन् फीचंबी ओझं होतं."

त्या रात्री भाकरी थापताना माझ्या डोक्यात तेच. आणि एकदम लख्ख दिसलं! माझं पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे अर्थ इंग्रजी. ज्या भाषेला हसतील म्हणून पोरगा शाळेत तोंड उघडत नव्हता, त्याच भाषेच्या दारातून मी त्याला स्पॅनिशच्या घरात नेत होते.

पुढच्या शनिवारी पुस्तक पिशवीतच ठेवलं. फळ्यावर देवनागरीत लिहिलं, 'मे गुस्ता एल मांगो', म्हणजे 'मला आंबा आवडतो'. इंग्रजीत 'मी' आवडून घेतो. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये आंबाच मला आवडतो! शब्दाला शब्द बसतो. मग विचारलं, "आंबे अनेक असले तर?" मागून हळूच आवाज आला, "बाई, आवडतो-चं आवडतात होतं ना? तसं तिथंबी बदलत आसंल." अगदी बरोबर. 'मे गुस्तान लोस मांगोस.' इंग्रजीवरून शिकणारे इथं हमखास अडखळतात, आणि हा पोरगा आपल्या बोलीच्या आधारानं सरळ पार झाला होता.

मग काय, वर्गच पालटला. 'तू' आणि 'तुम्ही' हा फरक तिथंही आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून. मराठीला तीन लिंगं, स्पॅनिशला दोनच. म्हणजे एक ओझं कमी! पावाला 'पान' म्हणतात कळल्यावर पोरं खो-खो हसली. दाराची बिजागरी तिकडं 'बिसाग्रा'. असे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण.

घरी मुलांना कुठलीही नवी भाषा शिकवायची असेल, तर एवढं करा. डब्यांवर, दारावर चिठ्ठ्या चिकटवा. रोज पाचच शब्द, पंधरा मिनिटं. अर्थ मराठीतून सांगा. चुकलं तरी हसू नका. आणि लगेच नोकरीची स्वप्नं रंगवू नका. या भाषेच्या सहा पायऱ्या आहेत. शाळकरी मुलांसाठी पहिल्या पायरीची वेगळी परीक्षाही असते. पण कामापुरती भाषा यायला काही वर्षं जातातच.

महिनाअखेरीला त्याची आई पुन्हा आली. नाव काढायला आली असेल, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "बाई, राहू द्या त्याला. घरात नुसतं मे गुस्ता, मे गुस्ता चाललंय. फी तेवढी पगार झाला की देते."

पोरगा मागून ओरडला, "आई, तू स्पॅनिश बोललीस!"

खरंच की! स्पॅनिशमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं. ती माउली क्षणभर गोंधळली, मग तोंडाला पदर लावून हसली. आता वहिनींनी विचारलं, तर हीच गोष्ट सांगेन म्हणते.