डाव्या रकान्यात लंडन, उजव्यात वैनगंगा

एकोडी, 7 जुलै 2025

रोवणी लागली की माझा वर्ग अर्धा होतो. मुली परे खणायला जातात, मुलं चिखलणीला. जी येतात त्यांच्या पायांच्या नखांत चिखल असतो आणि वहीत गाईडमधून उतरवलेली यादी: 1642 यादवी युद्ध, 1660 राजेशाहीचं पुनरागमन, 1789 फ्रेंच राज्यक्रांती, 1914 पहिलं महायुद्ध. या यादीला आम्ही 'इंग्रजी साहित्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी' म्हणतो. मुलं ती पाठ करतात, पेपरात ओततात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. विसरणारच. त्यातलं एकही साल त्यांच्या गावावरून गेलेलं नाही, असं त्यांना वाटतं.

आज फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे लंडन. उजवीकडे भंडारा, साकोली, नागपूर, वैनगंगा, जे हाती लागेल ते. नियम एवढाच, की डावीकडे पुस्तक लिहिलं की त्याच सुमारास उजवीकडे काय चाललं होतं ते शोधायचं.

पहिली नोंद 1600. 31 डिसेंबरला एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. 'हॅम्लेट' त्याच एकदोन वर्षांतलं. आणि उजवीकडे? हा मुलूख तेव्हा गोंड राजांचा. देवगडच्या जाटबाचं नाव अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची दोन मुलं सरळ होऊन बसली.

12 जुलै

शेक्सपिअर शिकवायला झाडीपट्टीत मला कधी अडचण आली नाही. ज्यांनी रात्रभर दंडार पाहिली आहे, बाई झालेला पुरुष नाचताना पाहिला आहे, त्यांना ग्लोब थिएटर समजावून सांगावं लागत नाही. 1592-93 मध्ये प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बंद राहिली आणि तरुण शेक्सपिअर तेवढ्या काळात दीर्घकाव्यांकडे वळला, हे सांगितल्यावर एकाने लगेच करोनाच्या सालची आठवण काढली. त्या वर्षी वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम बसला होता. त्याचा काका तबला वाजवतो.

1642 मध्ये मात्र रोगाने नव्हे, पार्लमेंटने नाट्यगृहं बंद केली. ती अठरा वर्षं उघडली नाहीत. राजकारणाने साहित्याचा एक अख्खा प्रकार गिळला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मराठीत शेक्सपिअर आला तोही काळाचा हात धरूनच. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो' 1867 चं. आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट', 1883 चं. आदल्याच वर्षी ते टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात होते. डेन्मार्कच्या राजपुत्राला तुरुंग आठवतो तो उगाच नाही आणि आगरकरांना तो राजपुत्र आवडला तोही उगाच नाही, असं मला वाटतं.

20 जुलै

मिल्टन आणि बन्यन एका तासात उरकले. मिल्टन क्रॉमवेलच्या सरकारचा चाकर. आंधळा झाला, बाजू हरली, आणि मग 1667 मध्ये 'पॅरडाइज लॉस्ट' आलं. बन्यनला परवान्याशिवाय प्रवचनं केल्याबद्दल बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात काढावी लागली. त्याच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चं हरि केशवजींनी केलेलं मराठी भाषांतर, 'यात्रिकक्रमण', 1841 चं. हरलेल्या बाजूची ही दोन पुस्तकं टिकली. जिंकलेल्या बाजूच्या कवींची नावं आज गाईडमध्ये शोधावी लागतात.

29 जुलै

पाऊस दिवसभर. रस्त्याला पाणी, एसटी आली नाही. घरी बसून 1817 चा रकाना भरला.

जेन ऑस्टिन 18 जुलै 1817 ला गेली. नोव्हेंबरच्या 26-27 ला सीताबर्डीची लढाई होऊन आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाला. 1 जानेवारी 1818 ला 'फ्रँकेन्स्टाइन' लेखिकेच्या नावाशिवाय छापून आलं. त्याच वर्षी वैनगंगेच्या खोऱ्यात कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठला. आमच्या मुलांना मेरी शेली माहीत आहे, चिमणा पटेल नाही. कामठा आता गोंदिया जिल्ह्यात आहे. 1999 पर्यंत तो आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता.

ऑस्टिनबाईंवर एक जुना आरोप आहे: नेपोलियनशी युद्ध पेटलेलं असताना या बाई लग्नं जुळवत बसल्या. मला हा आरोप आळशी वाटतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या गावात पलटण येऊन राहते ती काय हवा खायला? 'पर्स्वेजन'मधले नौदलाचे कप्तान पैसेवाले होऊन जमिनीवर परततात, कारण तह झालेला असतो आणि शत्रूची जहाजं पकडल्याचं बक्षीस खिशात असतं. तोफ ऐकू येत नाही, तोफेचा पैसा दिसतो.

तिचे दोन भाऊ आरमारात होते. धाकटा चार्ल्स 1852 मध्ये ब्रह्मदेशात, इरावतीवर, दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात मेला. ते युद्ध गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीतलं. पुढच्याच वर्षी ज्याची नजर नागपूरवर गेली, तोच हा डलहौसी.

6 ऑगस्ट

आजचा तास रंगला. साल 1854.

तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 ला वारले, औरस पुत्र नव्हता. दत्तक नामंजूर करून 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि त्यासोबत भंडाराही कंपनीकडे गेला. राजघराण्यातल्या वृद्ध बांकाबाई विनवण्या करत राहिल्या. भोसल्यांचे हत्ती-घोडे आणि जवाहीर लिलावात निघालं. हे सगळं मुलांना थोडंफार ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की त्या जानेवारीत डलहौसी कलकत्त्याला नागपूर खालसा करण्याचं आपलं टिपण लिहीत होता, आणि त्याच जानेवारीत चार्ल्स डिकन्स लँकशायरमधल्या प्रेस्टन गावी सूतगिरणी कामगारांचा संप पाहायला गेला होता.

डलहौसीच्या टिपणात नागपूरच्या कापसाचा विषय आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा आणि तो या भागात पिकतो, हे त्याने लपवलेलं नाही. डिकन्सने त्याच सुमारास 'हार्ड टाइम्स' लिहायला घेतली. एप्रिल ते ऑगस्ट 1854 ती त्याच्याच 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात क्रमशः आली. ती संपताच सप्टेंबरपासून त्याच पानांवर एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली. तीही गिरणगावाची.

म्हणजे एकाच कापसाच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच महिन्यात कागद लिहीत होती. एकाला कामगाराचा कळवळा आला, दुसऱ्याने राज्य गिळलं. डिकन्सच्या कोकटाउनमध्ये धूर आहे, काळा कालवा आहे, यंत्रांचा अखंड खडखडाट आहे. कापूस कुठून येतो ते नाही. कादंबरी खोटं बोलत नाही, पण तिची नजर गिरणीच्या फाटकाशी थांबते.

एका मुलीने विचारलं, "मंग सर, डिकन्स चांगला का वाईट जी?" मी म्हटलं, चांगला. प्रेस्टनला जाऊन पाहून लिहिणारा माणूस चांगलाच. पण फाटकाच्या बाहेरचं आपल्याला लिहावं लागेल.

पुढचं भराभर सांगितलं. 1861 ला मध्य प्रांत झाला. अमेरिकेच्या यादवीने कापसाचे भाव चढले. 1867 ला मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. 1 जानेवारी 1877 ला व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी झाली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस.

14 ऑगस्ट

छोटी नोंद. इंग्लंडच्या समीक्षकांनी टाकून दिलेला एक लेखक आपल्याकडे घरोघर वाचला गेला: जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (1885) त्याच्यावर बेतलेली. रेनॉल्ड्स चार्टिस्ट, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीतला होता. 1848 च्या मार्चमध्ये ट्रफॅल्गर चौकातल्या सभेत कामगारांपुढे बोलला होता. राणीच्या राज्यातला हा बंडखोर पुण्यामुंबईत आवडीने वाचला जावा, यात मला तरी नवल वाटत नाही. विद्यापीठाच्या पुस्तकात त्याचं नाव सहसा सापडत नाही, हे मात्र खटकतं.

22 ऑगस्ट, पोळा

बैलं कमी झाली. आमच्या आळीत आता ट्रॅक्टरला हार घालतात. दुपारी पुरणपोळी जास्त झाली आणि 'जंगल बुक' उघडून पडलो.

या पुस्तकाकडे मी इथला माणूस म्हणूनच बघू शकतो. त्यात वैनगंगा आहे. सिवनीच्या डोंगरात उगम पावून बालाघाट, गोंदिया, भंडारा करत चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणारी आमची वैनगंगा. दुसऱ्या भागातल्या 'रेड डॉग' कथेत दख्खनेतून रानकुत्र्यांची टोळी चालून येते आणि मोगली तिला वैनगंगेच्या घळीत, आग्या मोहोळांच्या तोंडी नेतो. रानकुत्रे आमच्या नागझिऱ्यात आजही आहेत. दख्खन म्हणजे दक्षिण, आणि सिवनीच्या दक्षिणेला कोण? आपणच.

किपलिंग मुंबईत जन्मला, 1865 साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. सिवनी त्याने पाहिली नव्हती. 'जंगल बुक' लिहिलं ते अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात, 1893-94 मध्ये. जंगलाची माहिती बरीचशी रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या 1877 च्या सिवनीवरच्या पुस्तकातून घेतली. त्यासाठी मी त्याला दोष देत नाही. न पाहिलेली नदी एवढी वाहती लिहिणं सोपं नाही. यंदा जूनमध्ये गेलेले मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वर्षानुवर्षं राहून, पाणवठ्यांवर बसून लिहीत राहिले. तो दुसरा मार्ग. वाचकाला दोन्ही लागतात.

दोष आहे तो वेगळाच. मोगलीला मुलासारखं जवळ करणाऱ्या मेसुआला गावकरी चेटकीण ठरवून जाळायला निघतात, तेव्हा ती नवऱ्याबरोबर पळते कुठे? कान्हीवाड्याला. कारण तिथे इंग्रज आहेत आणि ते पुराव्यावाचून माणसं जाळू देत नाहीत. गाव म्हणजे अंधश्रद्धा, इंग्रज म्हणजे न्याय. लहान मुलांच्या गोष्टीत साम्राज्य असं हळूच येऊन बसतं.

आणि मोगलीचं पुढे काय झालं? हे बहुतेकांना माहीत नसतं, कारण चित्रपटात ते नाही. 'इन द रुख' ही कथा 1893 ची, म्हणजे 'जंगल बुक'च्या आधीची. तीत मोगली मोठा झाला आहे. वनखात्याचा साहेब त्याला नोकरी देतो, पगार आणि शेवटी पेन्शन. लांडग्यांनी वाढवलेला पोर सरकारी वनरक्षक होतो! हसू येतं, पण मागे 1878 चा वन कायदा आहे. त्या कायद्याने जंगल सरकारचं झालं आणि त्यात राहणारा सवलतीवर जगणारा झाला. मोह, डिंक, गवत, सरपण, सगळ्यावर शिक्का. या कायद्याला जंगलाने आनंदाने मान तुकवावी, असं स्वप्न त्या कथेत आहे.

23 ऑगस्ट, तान्हा पोळा

पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. कालचाच विषय डोक्यात.

किपलिंगच्या उजव्या रकान्यात कोणतं साल लिहायचं? 1894 लिहून भागत नाही. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेही लिहावंच. पण खरं उत्तर बरंच उशिराचं आहे. 9 ऑक्टोबर 1930. सिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावी लोकांनी जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापलं. पोलिसांनी गोळी चालवली. तीन बाया आणि एक पुरुष गेले, आदिवासी.

मोगलीच्याच जिल्ह्यात. पेन्शन मिळालेल्या मोगलीची नातवंडं समजा हवं तर. आज तुरिया हे पेंच व्याघ्र प्रकल्पाचं फाटक आहे आणि जिप्सीत बसलेल्या पर्यटकांना 'मोगलीचं जंगल' तिथूनच दाखवतात.

31 ऑगस्ट

महायुद्धाचा तास. किपलिंगने ओळख लावून अधू डोळ्यांच्या मुलाला फौजेत घातलं. तो जॉन सप्टेंबर 1915 मध्ये लूसच्या लढाईत गेला, वय 18. विल्फ्रेड ओवेन 4 नोव्हेंबर 1918 ला पडला आणि तार आईच्या हाती पडली ती 11 तारखेला, युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना. त्याच हिवाळ्यात इन्फ्लुएंझाने मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. एलियटचं 'वेस्ट लँड' 1922 चं, नागपूरचा झेंडा सत्याग्रह 1923 चा.

कागद आता वर्गाच्या भिंतीवर चिकटवला आहे. डावा रकाना कधीच भरला. उजवा निम्मा कोरा आहे, आणि तो भरायला गाईड नाही.

दिवाळीच्या आसपास परीक्षा. पेपर तपासणाऱ्या सन्मित्रांना एक विनंती: किपलिंगच्या प्रश्नात एखाद्या पोरीने तुरिया लिहिलं, किंवा डिकन्सच्या उत्तरात नागपूरचा कापूस आणला, तर 'विषयांतर' असा लाल शेरा मारू नका. गुण द्या.