बोटीवर चढण्यापूर्वीची कनवटी

दिवाळी सरली की माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात गेल्या काही वर्षांपासून एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, आईबाबांना बोटीची सहल झेपेल का?" विचारणारी मुले-मुली कधी घाटकोपरची, कधी अंधेरी-बोरिवलीची, तर कधी अमेरिकेतून फोनवर बोलणारी असतात. मी रक्तदाब मोजते, हृदयाचा आलेख पाहते, गुडघ्यांची चौकशी करते, औषधांची यादी लिहून देते. या सर्वांच्या शेवटी मी आणखी एक प्रश्न विचारते आणि तो ऐकून बहुतेकांना नवल वाटते. "बोटीवरच्या वरखर्चाचे पैसे आधी भरले आहेत का? आणि ते कोणाच्या नावावर?"

हा प्रश्न मी विचारू लागले, त्याला एक कारण घडले.

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या पर्यटक बोटी आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. २०१८ मध्ये 'आंग्रिया' निघाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, २०२१ पासून 'कॉर्डेलिया'च्या फेऱ्या सुरू झाल्या. अशा बोटींवर रोख पैशांचा व्यवहार सहसा नसतो. चढताना प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड मिळते. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तोच बटवा. तिकिटात न धरलेला चहा, बाटलीबंद पाणी, किनाऱ्यावरची सहल, कपडे धुण्याचा खर्च, बोटीवरील डॉक्टरांची फी, हे सारे त्या कार्डाच्या खात्यावर लिहिले जाते आणि प्रवास संपताना हिशेब होतो. या खात्यामागे एक तर कोणाचे तरी बँकेचे कार्ड जोडावे लागते किंवा आगाऊ रक्कम भरावी लागते.

माझ्या रुग्णांपैकी एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी, आपण जिला 'पाण्याची गोळी' म्हणतो ती, रोज सकाळी घेणाऱ्या. परदेशी असलेल्या लेकीने त्यांना मैत्रिणीसोबत अशाच एका सहलीला पाठवले. तिकीट लेकीचे, बोटीवरच्या खात्याला जोडलेले कार्डही लेकीचे. प्रेमाने केलेली व्यवस्था होती ती. परंतु तिकिटात काय धरले आहे आणि कशाचे वेगळे पैसे पडतात, हे बाईंना कोणी नीट सांगितले नव्हते. म्हणून त्यांनी सर्वांत सुरक्षित मार्ग धरला. काहीच घ्यायचे नाही. बाटलीचे पाणी मागायचे नाही, दुपारचा चहा नको. दुसऱ्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. बोटीवर दवाखाना आहे हे ठाऊक होते, पण ते बिल लेकीच्या कार्डावर पडेल म्हणून त्या गेल्या नाहीत. स्वतःचे डेबिट कार्ड चालेल का म्हणून पाहिले, तर बोट खोल समुद्रात. फोनला नेटवर्क नाही, त्यामुळे बँकेचा ओटीपी येईना. पाण्याची गोळी मात्र नेमाने चालू होती.

घरी परतल्यावर त्या माझ्याकडे आल्या तेव्हा उभ्या राहताच त्यांना भोवळ येत होती. जीभ कोरडी, रक्तदाब उतरलेला, रक्तातील सोडिअम कमी झालेले. एक रात्र रुग्णालयात ठेवून सलाइन द्यावे लागले. बऱ्या झाल्यावर मी त्यांना थोड्या रागानेच विचारले, "बाई, दवाखाना दोन मजले खाली होता ना?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझे निवृत्तिवेतन माझ्या खात्यात पडून होते. पण त्या बोटीवर माझे म्हणून काही नव्हते."

हे वाक्य माझ्या मनात राहिले. गेल्या डिसेंबरात माझ्या आईला घेऊन मी त्याच वाटेने गोव्याला गेले, तेव्हा तयारीला लागताना तेच डोक्यात होते.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. तिचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीकाठी. मुंबईहून कोकणात बोटीने जाणाऱ्या पिढीतली ती. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे. हर्णे, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत पुढे जाई. बोट किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, पोरेबाळे पडावात उतरवली जात. पावसाळ्यात बोटी बंद. ते सारे युग आता संपले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, त्याच्या आधीच बोटी ओसरल्या होत्या. मी क्रूझचे नाव काढताच आईने पहिली आठवण सांगितली ती समुद्राची नव्हे, तिच्या आजीच्या कनवटीची. घरून निघतानाच आजी कमरेच्या घडीत पैसे खोचून घेई आणि त्यातही पडाववाल्याचे पैसे निराळ्या गाठीत असत. "त्या गाठीला ती हात लावू द्यायची नाही," आई म्हणाली. "बोटीवर शेव मागितली तर दुसऱ्या गाठीतून. पडावाचे पैसे संपले तर उतरणार कसे?"

मला वाटते, बोटीवरच्या वरखर्चाचा सगळा विचार त्या दोन गाठींत आहे.

आम्ही मुलुंडहून सकाळी निघालो. पूर्व द्रुतगती मार्गाने आणि पुढे ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो मार्गावर उतरले की बॅलार्ड पिअर फारसे दूर राहत नाही. घाटकोपरकरांनाही हीच वाट सोयीची. अंधेरी-बोरिवलीच्या मंडळींनी मात्र सागरी सेतू आणि किनारी रस्ता धरूनही दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत. एकेकाळी विलायतेच्या डाकबोटी लागत तो हा बॅलार्ड पिअर. तिथल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. इमारत प्रशस्त आहे, परंतु रांगा आणि चालणे चुकत नाही. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. मोठे सामान तिथेच जमा होते आणि खोलीत काही तासांनी पोहोचते. म्हणून औषधे, ग्लुकोमीटर, इन्सुलिन आणि दुपारच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात.

बोट किनाऱ्याला असताना, फोनला नेटवर्क असताना, मी आईला पैसे भरण्याच्या खिडकीपाशी नेले आणि तिच्याच डेबिट कार्डाने तिच्या नावावर दहा हजार रुपये भरले. ओटीपी तिच्या फोनवर आला, तिने तो वाचून सांगितला. पावतीवर तिचे नाव होते. खोलीत गेल्यावर आम्ही एका कागदावर दोन गाठी लिहिल्या. चार हजार हौसेचे, सहा हजार औषधपाण्याचे आणि अडीअडचणीचे. शेजारी तिकिटात धरलेल्या गोष्टींची यादी लिहिली: जेवणघरातले जेवण, तिथले पिण्याचे पाणी, सकाळचा चहा. तो कागद तिने चष्म्याच्या डबीत ठेवला.

संध्याकाळी बोट सुटली. उजव्या हाताला गेटवे, मग कुलाब्याचा किनारा आणि टोकाचे प्राँग्ज दीपगृह मागे पडले. डावीकडे अंधारात खांदेरीचा दिवा दिसू लागला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी उभारायला घेतलेला हा जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. आई कठड्याशी उभी राहून म्हणाली, "तेव्हा आम्ही डेकवर पथारी टाकून झोपायचो. हे दिवे पाहायला उठवायचे आम्हांला." मग तिने स्वतःहून दोन कॉफी मागवल्या आणि कार्ड पुढे केले. मला पैसे काढू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बोट मुरगावला लागली. जुन्या गोव्याची बस घ्यायची की नाही, हे आईने दर विचारून, हौसेच्या गाठीत बसते का ते पाहून ठरवले. परतीच्या रात्री मात्र समुद्र खवळला आणि तिला उलट्या सुरू झाल्या. दोनदा दिलेली गोळी पोटात टिकेना. मी विचारात असतानाच तिने गळ्यातले कार्ड हातात घेतले आणि म्हणाली, "चल, खाली डॉक्टरांकडे जाऊ. पडाववाल्याची गाठ आहे ना." इंजेक्शन दिले, तासभर झोपवून ठेवले, रक्तदाब पाहिला. बिलावर तिने स्वतः सही केली. सकाळी मुंबई दिसू लागली तेव्हा ती डेकवर बसून पेज पीत होती. उरलेली रक्कम काही दिवसांनी तिच्या बँक खात्यात परत आली.

वाचकहो, यावरून काही गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात.

आगाऊ रक्कम भरताना ती उरल्यास परत मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. काही कंपन्यांत भेट म्हणून दिलेली किंवा सवलतीपोटी मिळालेली रक्कम वापरली नाही तर बुडते. बँकेचे कार्ड जोडल्यास कंपनी काही रक्कम अडकवून ठेवते. डेबिट कार्डाच्या बाबतीत ते पैसे सुटायला प्रवास संपल्यावरही काही दिवस लागतात. ज्यांच्या औषधांचा खर्च त्याच खात्यातून होतो त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. समुद्रात फोनचे उपग्रह-रोमिंग फार महाग पडते, म्हणून फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा आणि यूपीआय किंवा ओटीपीच्या भरवशावर राहू नये.

परदेशातील मुले आईवडिलांना अलास्का किंवा कॅरिबियनच्या बोटीवर नेतात, तेव्हा हिशेब डॉलरमध्ये होतो. प्रत्येक कपाचा रुपयांत गुणाकार करणारे आपले ज्येष्ठ तिथे अधिकच आखडतात. कर्मचाऱ्यांच्या सेवेचे रोजचे शुल्कही तिथे बहुधा खात्यावर लागते. ते आधीच भरता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बोटीवरील उपचाराचे बिल विमा असला तरी आधी आपल्या खात्यावर पडते आणि भरपाई मागाहून मिळते. आपला नेहमीचा मेडिक्लेम सहसा भारताबाहेर लागू होत नाही. प्रवासविमा घ्यावा, त्यात जुने आजार धरले आहेत का पाहावे आणि बोटीवरच्या डॉक्टरांची चिठ्ठी व बिल जपून आणावे.

विसराळूपणा सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत आगाऊ भरलेली ठरावीक रक्कम हेच कुंपण असते. नकळत मोठा खर्च होत नाही. परंतु उपचार अडू नयेत म्हणून सोबतच्या काळजीवाहकाचे कार्ड खिडकीवर स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावे.

बोट लागण्यावरच्या औषधांबद्दलही सांगते. सिनारिझिन, प्रोमेथाझिन यांसारख्या गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा कंपवात असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्या घेऊ नयेत. जुलाब-उलट्या झाल्यास पाण्याची गोळी आणि मधुमेहाच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. बोटीवर पसरणाऱ्या पोटाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. ओआरएसची पाकिटे मात्र सामानात असू द्यावीत.

मुलांना माझे एवढेच सांगणे आहे. तिकीट काढून देणे ही निम्मी भेट झाली. निघण्यापूर्वी आईजवळ, वडिलांजवळ बसा. त्यांच्या नावावर किती रुपये भरले आहेत, त्यांतले डॉक्टरांसाठी किती, हे आकड्यासह सांगा. एकदा नव्हे, दोनदा. शक्य असेल तर पैसे त्यांच्याच खात्यातून भरू द्या.

त्या निवृत्त बाई या फेब्रुवारीत पुन्हा बोटीने जाणार आहेत, या वेळी लक्षद्वीपला. परवा त्या दवाखान्यात औषधांची यादी घ्यायला आल्या होत्या. यादी घडी करून पर्समध्ये ठेवताना त्यांनी मला आणखी एक कागद दाखवला. त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात दोन रकमा लिहिल्या होत्या, आणि दुसरीच्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.